मुलाला कुठलं पुस्तक देऊ, असं विचारणाऱ्या वडिलांसाठी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका वडिलांचं पत्र आलं होतं. मुलगा अकरावीत आहे, दर शनिवारी मित्राकडे जातो, तिथे पाच-सहा जण टेबलाभोवती बसून चार-चार तास चित्रविचित्र आकाराचे फासे टाकतात, कागदावर काहीतरी लिहितात, आरडाओरडा करतात, आणि घरी आल्यावर हा मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, तर याला वाचनाची गोडी कशी लावू असं त्यांनी विचारलं होतं. पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं, कारण तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि गेली नऊ वर्षं मी तो ठाण्यात आमच्या घरी चालवते, म्हणजे मी डीएम असते, डंजन मास्टर, गोष्ट सांगणारी, आणि बाकीचे त्या गोष्टीतल्या एकेका पात्राची भूमिका करतात. माझ्या टेबलावर आत्तापर्यंत वीस-बावीस मुलंमुली येऊन गेली असतील, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आईवडिलांनी मला हाच प्रश्न विचारलाय.

आधी त्या वडिलांना एक सांगते, साहेब, तुमचा मुलगा वाचतोय. त्या खेळाचं खेळाडूंसाठीचं नियमांचं पुस्तकच तीनशेच्या वर पानांचं आहे, बारीक टायपात, दोन कॉलममध्ये, आणि मुलं त्यातला एकेक मंत्र कोळून प्यायलेली असतात, कुठला मंत्र किती फुटांवर चालतो, किती वेळ टिकतो, त्याला काय साहित्य लागतं हे झोपेत विचारलं तरी सांगतील. तेव्हा गोडी आहेच. फक्त त्याच्या हातात कोणी कादंबरी दिलेली नाही, आणि दिली असेल तर चुकीची दिली असेल. म्हणजे काय होतं, की फँटसी म्हटलं की दुकानदार सगळ्यात जाड संच काढून देतो, बाराशे पानं, पुढे नकाशा, मागे वंशावळ, आणि मुलगा तिसाव्या पानावर दमतो. माझ्याकडे हे इतक्यांदा झालंय की मी आता पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी एकच गोष्ट विचारते, तुझं कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं पात्र, कोण आहे? चोर आहेस, जादूगार आहेस, की शपथ घेतलेला योद्धा? त्यावरून पुस्तक ठरतं.

आणि हे जुळतं त्याला कारण आहे. हा खेळ मुळात पुस्तकांतूनच निघालाय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे, तिथे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ मध्ये तो काढला, एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती, किंमत दहा डॉलर. त्याआधी ही मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढायांचे खेळ खेळायची. मग पुढे १९७९ मध्ये गायगॅक्सने डंजन मास्टरसाठी जे मोठं पुस्तक लिहिलं त्याच्या शेवटी एक परिशिष्ट दिलं, 'अपेंडिक्स एन', त्यात कुठल्या कुठल्या लेखकांनी आपल्याला हा खेळ सुचवला त्यांची यादी होती. पान-दीड पानाची गोष्ट. पण माझ्या मते जगातली सगळ्यात उपयोगी पुस्तकयादी तीच आहे, कारण त्यातलं कुठलंही पुस्तक उघडलं की खेळणाऱ्या पोराला पाच-दहा पानांत काहीतरी ओळखीचं सापडतं आणि तो ताठ बसतो.

हे नुसतं सांगून पटायचं नाही म्हणून मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते. आमच्या टेबलावर दहावी झालेली एक मुलगी नवीन आली होती, पॅलाडिन खेळायची, म्हणजे धर्मयोद्धा, शपथेला बांधलेला. शनिवार रात्र, बाहेर धो धो पाऊस, लाइट दोनदा जाऊन आलेले. पार्टी, म्हणजे सगळ्या पात्रांची टोळी, एका पुलाखाली शिरली आणि मी तिथे ट्रोल, म्हणजे एक राक्षस, ठेवला होता. हिने वीस बाजूंचा फासा टाकला, एकोणीस पडले, मी सांगितलं की तुझ्या तलवारीने त्याचा हात खांद्यापासून उडवलास. सगळे ओरडले. मग मी म्हटलं, हात खाली पडला, आणि बोटांवर चालत तुझ्या पायाकडे यायला लागला. एकदम शांतता. तिने दुसरा वार केला, तर तुटलेला तुकडापण हलायला लागला आणि ट्रोलच्या खांद्याला नवा कोंब फुटल्यासारखा हात यायला लागला. आणि ती पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हा तर रक्तबीज आहे!" आजीकडून देवीची गोष्ट ऐकलेली होती ना, प्रत्येक थेंबातून नवा राक्षस. तिथे देवीने रक्त जमिनीवर पडूच दिलं नाही, मग इथे काय करायचं? पंधरा मिनिटं सगळ्यांनी डोकं लावलं. शेवटी तिनेच कंदिलातलं तेल ओतलं आणि पेटवून दिलं.

सेशन संपल्यावर, सव्वाअकरा वाजले होते, तिचे बाबा खाली गाडीत थांबलेले, तरी मी तिला कपाटातून पोल अँडरसनचं 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' काढून दिलं. ते १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढणारा होल्गर नावाचा एक डॅनिश इंजिनिअर समुद्रकिनाऱ्यावरच्या चकमकीत बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो थेट दंतकथांच्या जगात, तिथे त्याच्यासाठी घोडा आणि चिलखत तयार उभं, आणि ढालीवर तीन हृदयं नि तीन सिंह. या पुस्तकात तो ट्रोल आहे, तोच, तुटलेला हात सरपटत येतो आणि आगीशिवाय मरत नाही. खेळातला ट्रोल इथूनच उचललाय. सुव्यवस्था आणि अराजक यांच्या दोन बाजू, ज्यावरून खेळात प्रत्येक कॅरेक्टरचा कल ठरतो, तेही मुख्यतः इथूनच. तिने चार दिवसांत संपवलं. फोन केला तेव्हा ट्रोलबद्दल बोललीच नाही, होल्गरला आपण खरे कोण हे हळूहळू कळत जातं त्याबद्दलच बोलत राहिली. पॅलाडिन खेळणाऱ्याला मी आता डोळे मिटून हेच देते.

जादूगार खेळणाऱ्याला जॅक व्हॅन्स. 'द डाइंग अर्थ', १९५०. पुस्तक लहान आहे, एकात एक गुंतलेल्या कथा आहेत, सूर्य म्हातारा होऊन लाल पडलाय, कधी विझेल नेम नाही, आणि त्या संध्याकाळच्या जगात उरलेसुरले जादूगार एकमेकांचे मंत्र चोरतायत. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांतल्या एका नियमावरून खेळणारी मुलं वैतागायची, की जादूगाराने मंत्र एकदा वापरला की तो डोक्यातून जातो, परत पाठ करायला लागतो, असं का? तर ते असं व्हॅन्समुळे. त्याच्या गोष्टीतला मॅझिरियन नावाचा जादूगार बाहेर पडताना मोठ्या कष्टाने पाच मंत्र डोक्यात बसवून निघतो, डोक्यात मोजकेच मावतात, आणि मग ते एकेक खर्च होत जातात तशी वाचणाऱ्याची धडधड वाढत जाते. त्यातल्या एका मंत्राचं नाव खेळात आजही जवळजवळ तसंच आहे, प्रिझमॅटिक स्प्रे. आणि आपल्याला हे परकं वाटायचं काहीच कारण नाही हो. ऐन वेळी मंत्र आठवणार नाही हा परशुरामांचा शाप घेऊन कर्ण अख्खं आयुष्य जगला, रथाचं चाक रुतलेलं आणि अस्त्र आठवत नाही, ती वेळ आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मी मुलांना व्हॅन्स देताना कर्णाचंच सांगते, मग त्यांना लगेच कळतं की मंत्र विसरण्यात गोष्टीची केवढी ताकद आहे. फक्त व्हॅन्सची इंग्रजी जड आहे, अलंकारिक आहे, त्यामुळे ज्याला शब्दांची आवड नाही त्याला लगेच देऊ नका, सहा महिने थांबा.

चोर खेळणारे प्रत्येक टेबलावर असतातच, कुलूप दिसलं की हात शिवशिवतो असले. त्यांच्यासाठी फ्रिट्झ लायबर. फाफर्ड म्हणजे उत्तरेकडचा धिप्पाड लढवय्या आणि ग्रे माउझर म्हणजे ठेंगणा, चपळ, कधीकाळी जादूगाराकडे उमेदवारी केलेला चोर, आणि त्यांचं शहर लांख्मार, धुराने भरलेलं, गल्लीबोळांचं, जिथे चोरांची रीतसर संघटना आहे. पहिली कथा १९३९ ची. पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते असं, की लायबर आणि त्याचा मित्र हॅरी फिशर यांनी ही जोडी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून उभी केली, लायबर स्वतः उंच आणि फिशर बुटका, आणि १९३७ मध्ये दोघांनी मिळून लांख्मारवर एक टेबलावरचा खेळसुद्धा बनवला होता. म्हणजे पहिली कथा छापून यायच्या आधी खेळ तयार होता! 'इल मेट इन लांख्मार' ही दोघांच्या पहिल्या भेटीची दीर्घकथा, १९७० ची, तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथा-फँटसीचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले, सुरुवात तिच्यापासून करा. शेवट फार दुखवणारा आहे, तोही मुलांनी वाचावा असं मला वाटतं. आणि इंग्रजी नकोच असेल तर चोरासाठी देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता', १८८८ ची, मूळ हिंदी. ज्यांनी टीव्हीवर सिरियल पाहिली त्यांनी पुस्तक वेगळंच आहे हे लक्षात घ्या. त्यातले ऐयार म्हणजे काय, वेषांतर करणारे, बेशुद्धीची पूड बाळगणारे, दोरावरून किल्ल्यात उतरणारे. माझ्या टेबलावरच्या एका मुलाने ते वाचून आपल्या चोराचं नाव बदलून तेजसिंह ठेवलं आणि आता तो दर सेशनला वेष बदलतो.

गोष्टीपेक्षा टोळकं आवडणारी पण मुलं असतात, ज्यांना शेकोटीभोवती बसून आपापसात भांडायचं असतं. त्यांना ड्रॅगनलान्स द्या. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन, पहिलं पुस्तक १९८४ चं, 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट'. हे खेळ बनवणाऱ्या कंपनीनेच काढलं, खेळातल्या मोहिमा, म्हणजे टेबलावर बरेच दिवस खेळायच्या लांब गोष्टी, आणि कादंबरी बरोबरीने आल्या. झाडांवर बांधलेलं गाव, तिथली खानावळ, पाच वर्षांनी भेटणारे जुने मित्र. भाषा साधी आहे, काही ठिकाणी फासे टाकल्याचा आवाज येतो म्हणा ना, पण रेस्टलिन नावाचा जो आजारी जादूगार आहे, वाळूच्या घड्याळासारखी बाहुली असलेले डोळे, त्याच्यासाठी ते वाचायचं. त्याचा कुजबुजता घोगरा आवाज असा आला, की मोहीम आधी खेळून तपासताना ज्या खेळाडूकडे रेस्टलिनची भूमिका होती त्याने टेबलावर तसा आवाज काढला आणि तोच पुस्तकात गेला. एका माणसाने एका संध्याकाळी काढलेला आवाज चाळीस वर्षांनी आमच्या ठाण्यातली मुलं नक्कल करून काढतात, मला याचं फार कौतुक वाटतं. साल्वातोरे या लेखकाचा ड्रिझ्ट नावाचा नायकपण याच वयाला लागू पडतो, जमिनीखालच्या क्रूर शहरात वाढलेला आणि ते सोडून निघालेला, तिथे सुरुवात 'होमलँड'पासून करावी, पहिलं छापलं गेलेलं 'द क्रिस्टल शार्ड' नंतर वाचलं तरी चालतं.

आता ज्यांची मोहीम तीन-तीन वर्षं चालते त्यांच्यासाठी जाड पुस्तकं आहेतच. रेमंड फाइस्टचं 'मॅजिशियन' १९८२ चं, ते जग त्याच्या सॅन डिएगोमधल्या मित्रमंडळींनी खेळत खेळत उभं केलेलं. आणि स्टीव्हन एरिक्सनची मलाझान मालिका, दहा खंड, १९९९ ते २०११. एरिक्सन आणि त्याचा मित्र एसलमाँट दोघेही पुरातत्त्वाचे, उत्खननावर काम केलेले, आणि दोघांनी ऐंशीच्या दशकात ते जग आधी खेळात उभं केलं. त्यामुळे त्यात शहराखाली शहर, त्याखाली अजून एखादं साम्राज्य असं सापडत जातं, आणि लेखक थांबून काहीही समजावत नाही, लढाई अर्धी झालेली असताना आपल्याला आत ढकलतो. मला स्वतःला ही मालिका फार प्रिय आहे. पण पहिलं पुस्तक म्हणून कृपा करून देऊ नका, चांगल्या वाचकाचं मन उडताना मी पाहिलंय.

टॉल्कीनबद्दल सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. 'द हॉबिट', १९३७, हे सरळ सरळ एका पार्टीचं पुस्तक आहे, तेरा बुटके, एक जादूगार, आणि कामावर ठेवलेला एक चोर, तोही लेखी कराराने! खेळात सुरुवातीला हॉबिट होतेच, मग टॉल्कीनच्या हक्कधारकांनी हरकत घेतली म्हणून त्यांचं हाफलिंग झालं. आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या मोठ्या तीन खंडांचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद आहे, 'स्वामी मुद्रिकांचा', तो आईवडिलांनी वाचावा असं मी म्हणेन. मुलगा शनिवारी कुठे जातो ते त्यातून जितकं कळेल तितकं मी इथे लिहून नाही कळणार.

आणि तरीही, कॅरेक्टर कुठलंही असो, एकच पुस्तक द्यायचं झालं तर मी त्या यादीत नसलेलं देईन. उर्सुला ले ग्विन, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. का नव्हतं ते यादीत ते गायगॅक्सलाच ठाऊक, माझ्या मते ती त्याची मोठी चूक. दोनशेच्या आसपास पानं. सगळं जग बेटांचं, होड्या, वारा, धुकं, कोकणात वाढलेल्या माणसाला तर घरचंच वाटेल, मला आमच्या आजोळची खाडी आठवली होती. गेड नावाचा शेळ्या राखणारा मुलगा, तांबूस सावळ्या रंगाचा, आणि हे त्या काळात अमेरिकेत फार मोठं होतं, इतकं की कितीतरी मुखपृष्ठांवर त्याला गोरा करून टाकला आणि ले ग्विनबाईंना त्याचा राग होता, त्यांनी तो वेळोवेळी बोलून दाखवला. तर हा गेड हुशार आहे, गर्विष्ठ आहे, आणि शाळेत पैजेवर जादू करताना एक सावली सोडतो ती त्याच्या मागे लागते. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते कळलं की तिच्यावर सत्ता येते, एवढीच जादू. तलवारबाजी जवळजवळ नाही. कोवळ्या वयाचा मुलगा, चूक करून बसलेला, आपल्यापासूनच पळतोय, आणि मग एका क्षणी थांबून उलटा फिरतो आणि सावलीचाच पाठलाग सुरू करतो. ते पान मी आत्तापर्यंत टेबलावर तीनदा मोठ्याने वाचून दाखवलंय. तिन्ही वेळा कोणी मोबाइलला हात लावला नाही.

एक तक्रार पण लिहिते, संपादक साहेब, कारण तुमच्याकडे छापून आलं तर कदाचित कोणी ऐकेल. आमच्या भागातल्या एका वाचनालयात 'अर्थसी' बालविभागात ठेवलंय, पंचतंत्राच्या चित्रांच्या पुस्तकांशेजारी, त्या खोलीत चौदा वर्षांपुढच्या मुलांना जाऊ देत नाहीत, आणि मोठ्यांच्या विभागात फँटसी नावाचं कपाटच नाही. मी विचारलं तर "ही राक्षसांची पुस्तकं मोठी माणसं वाचत नाहीत" असं उत्तर आलं. म्हणजे ज्या वयाला हे पुस्तक हवंय नेमकं त्याच वयाला ते मिळू शकत नाही. मी अर्ज दिलाय, एक कप्पा, फक्त एक कप्पा वेगळा ठेवा, पुस्तकं मी माझी देते. सहा महिने झाले, उत्तर नाही. ज्या महाभारतात घटोत्कच आहे, हिडिंबा आहे, बकासुर आहे, ते आपण मोठ्यांच्या कपाटात सगळ्यात वरती ठेवतो ना? विकत घ्यायचं तर ही पुस्तकं महाग पडतात, आठशे-हजार रुपये सहज, म्हणून तर वाचनालय हवं. सध्या मी मुलांना फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेऊन जाते, तिथे ढिगात हात घातला की जुनी ड्रॅगनलान्स मिळतात, पानं पिवळी, पाठीवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव, दीडशे-दोनशे रुपयांत. माझं लायबरचं पुस्तक तिथलंच आहे.

तर त्या वडिलांना माझी विनंती एवढीच, की या शनिवारी मुलाला सोडायला तुम्ही स्वतः जा, आणि गाडीत त्याला विचारा की तुझं कॅरेक्टर कोण आहे, त्याचं नाव काय, आत्ता ते कुठे अडकलंय. तो बोलायला लागला की मध्ये थांबवू नका, अर्धा तास जाईल. मग ते उत्तर मला तुमच्या वृत्तपत्रामार्फत कळवा, पुस्तक मी सांगेन. 'अर्थसी'ची माझी प्रत सध्या त्या पॅलाडिनवाल्या मुलीकडे आहे, दिवाळीपर्यंत परत येईल, ती मी त्याच्यासाठी राखून ठेवते.

आपली नम्र,
एक वाचक आणि डंजन मास्टर, ठाणे